७३ विरुद्ध ७३ : १८०० सालची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक आणि दोन मतांचा नियम

अमेरिकेच्या घटनेने अध्यक्ष निवडण्याची जी मूळ पद्धत घालून दिली होती, ती आजच्या पद्धतीहून एका बाबतीत अगदी वेगळी होती. प्रत्येक निर्वाचकाला, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याने नेमलेल्या माणसाला, दोन मते होती, पण त्यांतले कोणते अध्यक्षपदासाठी आणि कोणते उपाध्यक्षपदासाठी, हे मतपत्रिकेवर लिहिण्याची सोय नव्हती. १८०० सालच्या निवडणुकीत या एका नियमामुळे थॉमस जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाने उपाध्यक्षपदासाठी पुढे केलेले ॲरन बर, या दोघांना प्रत्येकी ७३ मते पडली, आणि देशाला अध्यक्ष मिळावा म्हणून प्रतिनिधिगृहाला, म्हणजे राष्ट्रीय विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाला, ३६ वेळा मतदान करावे लागले. अमेरिकेतील निर्वाचक मंडळ कसे चालते हे समजून घ्यायचे असेल, तर याच निवडणुकीपासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण त्या यंत्रणेचा जवळजवळ प्रत्येक भाग त्या वर्षी वापरला गेला आणि प्रत्येक भागावर ताणही आला.

१७८७ साली फिलाडेल्फियात घटना तयार झाली तेव्हा अध्यक्षाची निवड थेट जनतेने करावी की काँग्रेस या राष्ट्रीय विधिमंडळाने, यावर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी तिसरा मार्ग निघाला. प्रत्येक राज्याने काही निर्वाचक नेमायचे आणि त्यांनी अध्यक्ष निवडायचा, असा तो मार्ग होता. एखाद्या राज्याचे प्रतिनिधिगृहात जितके सदस्य, त्यात सिनेट या वरच्या सभागृहाचे दोन मिळवले की त्या राज्याच्या निर्वाचकांची संख्या मिळते. हे निर्वाचक कसे नेमायचे, हे मात्र घटनेने सांगितले नाही. ते त्या त्या राज्याच्या विधिमंडळावर सोपवले. विधिमंडळाला वाटले तर त्याने मतदारांना निवडू द्यावे, वाटले तर स्वतःच नेमणूक करावी. ही मोकळीक वरवर साधी दिसते, पण १८०० सालच्या बहुतेक डावपेचांचे मूळ तिच्यातच आहे.

निर्वाचकांनी एका ठिकाणी जमायचे नव्हते. ठरलेल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या राज्यातच मत द्यायचे आणि निकालाचा कागद मोहोरबंद करून राजधानीला पाठवायचा, असा नियम होता. सगळे एकत्र आले तर कारस्थाने होतील, बाहेरचे लोक दबाव आणतील, अशी घटनाकारांना धास्ती होती. दोन मतांपैकी किमान एक मत आपल्या राज्याबाहेरच्या माणसाला दिले पाहिजे, अशी अटही त्यांनी घातली. त्या काळी व्हर्जिनियाचा माणूस स्वतःला आधी व्हर्जिनियाचा आणि मग अमेरिकेचा समजत असे. एकच मत दिले असते तर प्रत्येक राज्याने आपल्याच पुढाऱ्याला ते देऊन टाकले असते. दुसऱ्या मतामुळे निर्वाचकाला राज्याबाहेर पाहणे भाग पडेल, आणि ज्याचे नाव अनेक राज्यांच्या कागदांवर दिसेल तोच देशभर मान असलेला माणूस असेल, असा हा विचार होता. पुढे या नियमाने घोटाळा केला म्हणून तो नियमच अविचारी होता असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्या देशात राजकीय पक्ष नाहीत, तिथे ही युक्ती चांगली चालली असती.

मतमोजणीचा नियम मात्र नीट लक्षात ठेवावा लागतो. सर्वांत जास्त मते मिळवणारा अध्यक्ष होणार, पण त्याची मते एकूण निर्वाचकांच्या निम्म्याहून अधिक हवीत. इथे ‘एकूण मते’ नव्हे, तर ‘एकूण निर्वाचक’ हा आधार आहे. १८०० साली १६ राज्यांचे मिळून १३८ निर्वाचक होते. त्यांची मते २७६ झाली, पण बहुमताचा आकडा ७० हाच राहिला. त्यामुळे एकाच वेळी दोघांना बहुमत मिळणे शक्य होते, आणि दोघांना सारखीच मते पडणेही शक्य होते. घटनाकारांना हे माहीत होते. अशी बरोबरी झाली तर प्रतिनिधिगृहाने त्या दोघांतून एकाला निवडावे, आणि कोणालाच बहुमत नसेल तर पहिल्या पाचांतून निवडावे, असे त्यांनी लिहून ठेवले. अध्यक्ष ठरल्यावर उरलेल्यांत ज्याची मते जास्त, तो उपाध्यक्ष होणार होता.

पहिल्या दोन निवडणुकांत या नियमांची कसोटी लागलीच नाही, कारण जॉर्ज वॉशिंग्टन उभे होते. १७८९ साली ६९ च्या ६९ निर्वाचकांनी आणि १७९२ साली १३२ च्या १३२ निर्वाचकांनी आपले एक मत त्यांना दिले. दुसरे मत विखुरले गेले आणि दोन्ही वेळा जॉन ॲडम्स उपाध्यक्ष झाले. वॉशिंग्टन बाजूला होईपर्यंत देशात दोन पक्ष उघडपणे उभे राहिले होते. ॲडम्स आणि अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा फेडरॅलिस्ट पक्ष बळकट केंद्र सरकारच्या बाजूचा होता, तर जेफर्सन आणि जेम्स मॅडिसन यांच्या पक्षाला राज्यांचे अधिकार जपायचे होते. हा दुसरा पक्ष तेव्हा रिपब्लिकन म्हणवून घेत असे, पण आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा संबंध नाही.

१७९६ साली निर्वाचकांनी प्रथमच पक्ष पाहून मते दिली आणि नियमातील फट दिसून आली. फेडरॅलिस्टांचे उमेदवार ॲडम्स आणि टॉमस पिंकनी हे होते. पिंकनींना ॲडम्सपेक्षा जास्त मते पडून तेच अध्यक्ष होतील, या भीतीने न्यू इंग्लंडमधील, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतील, अनेक फेडरॅलिस्ट निर्वाचकांनी पिंकनींना दुसरे मत दिलेच नाही. परिणाम असा झाला की ॲडम्स यांना ७१, जेफर्सन यांना ६८ आणि पिंकनींना ५९ मते पडली. अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा, अशी जोडी चार वर्षे एका सरकारात बसली. दुसरीकडे जेफर्सन यांच्या पक्षातही अशीच फूट पडली होती. व्हर्जिनियाच्या २१ निर्वाचकांपैकी केवळ एकाने बर यांना मत दिले आणि त्यांची एकूण मते ३० वरच थांबली. हा अपमान बर विसरले नाहीत. १८०० साली पुन्हा उभे राहताना या खेपेला सर्व मते मिळतील याची खात्री त्यांनी पक्षाकडून मागून घेतली, आणि पुढचे सगळे रामायण त्या खात्रीतून घडले.

१८०० सालची निवडणूक म्हणजे एका दिवसाचे मतदान नव्हते. बहुतेक राज्यांत निर्वाचकांची नेमणूक विधिमंडळच करणार होते, म्हणून खरी लढाई राज्यांच्या विधिमंडळांसाठी झाली आणि ती महिनोन्‌महिने चालली. व्हर्जिनियात पूर्वी मतदारसंघवार निर्वाचक निवडले जात, आणि त्यामुळे १७९६ साली तिथले एक मत ॲडम्स यांच्याकडे गेले होते. जेफर्सन यांच्या समर्थकांनी कायदा बदलला आणि संपूर्ण राज्याचे २१ निर्वाचक एकगठ्ठा निवडण्याची पद्धत आणली. पेनसिल्व्हेनियात विधिमंडळाची दोन सभागृहे दोन पक्षांकडे होती. भांडण मिटेना, तेव्हा १५ पैकी आठ निर्वाचक एकाचे आणि सात दुसऱ्याचे अशी वाटणी झाली.

सर्वांत मोठी उलथापालथ न्यूयॉर्कमध्ये झाली. तिथले १२ निर्वाचक विधिमंडळ नेमत असे, आणि विधिमंडळाची निवडणूक १८०० च्या वसंतात होती. बर यांनी न्यूयॉर्क शहरात जिद्दीने माणसे बांधली, उमेदवारांच्या यादीत प्रतिष्ठित नावे आणली आणि विधिमंडळ आपल्या पक्षाकडे खेचून घेतले. हॅमिल्टन इतके हादरले की त्यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहून सुचवले, की मुदत संपत आलेल्या जुन्या विधिमंडळाला तातडीने बोलवावे आणि निर्वाचक मतदारसंघवार निवडण्याचा कायदा करून घ्यावा. जे हे हॅमिल्टन यांच्याच पक्षाचे होते, तरीही पक्षाच्या फायद्यासाठी असे काही करणे आपल्याला शोभणार नाही, अशी नोंद करून त्यांनी ते पत्र बाजूला ठेवले. निकालाचे गणित मांडून पाहिले म्हणजे या नकाराचे मोल कळते. न्यूयॉर्कची १२ मते ॲडम्स यांच्याकडे राहिली असती, तर जेफर्सन ६१ वर आले असते आणि ॲडम्स ७७ मतांनी दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले असते. जे यांनी नियमाचा आडोसा घेऊन नियम वाकवला नाही, ही गोष्ट मला या संपूर्ण कथेत सर्वांत आदराची वाटते.

याच आकड्यांत आणखी एक हिशेब दडलेला आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून ही निवडणूक सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येवरून ठरत असत आणि त्या लोकसंख्येत गुलामांची गणना तीन-पंचमांश या दराने होत असे. गुलामांना मताचा अधिकार नव्हता, माणूस म्हणूनही कोणताच अधिकार नव्हता, पण त्यांच्या मालकांच्या राज्याचे वजन मात्र त्यांच्यामुळे वाढत असे. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४७ हजार होती आणि त्यांतले सुमारे २ लाख ९२ हजार लोक गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३४ हजार होती आणि तिथे गुलाम फार थोडे होते. म्हणजे स्वतंत्र माणसांची संख्या दोन्ही राज्यांत जवळपास सारखी होती. ३३ हजार लोकांमागे एक प्रतिनिधी आणि वरचा अपूर्णांक सोडून द्यायचा, असा तेव्हाचा कायदा होता. त्यानुसार पेनसिल्व्हेनियाला १३ जागा मिळाल्या. व्हर्जिनियालाही स्वतंत्र लोकसंख्येवर १३ च मिळाल्या असत्या. गुलामांचा तीन-पंचमांश हिशेब मिळवल्यावर त्या १९ झाल्या. सिनेटचे दोन धरून एका राज्याचे १५ निर्वाचक झाले आणि दुसऱ्याचे २१. हा सहा मतांचा फरक एकट्या व्हर्जिनियाचा आहे, आणि जेफर्सन यांनी ॲडम्स यांच्यावर मिळवलेली आघाडी एकूण आठ मतांची होती. दक्षिणेतील इतर गुलामधारक राज्यांचा असाच वाढावा यात मिळवला, तर हा विजय कशाच्या आधारावर उभा होता हे वेगळे सांगायला नको.

३ डिसेंबर १८०० रोजी निर्वाचकांनी आपापल्या राज्यांत मते दिली. शेवटपर्यंत लोंबकळत राहिलेल्या साउथ कॅरोलायनाच्या आठही निर्वाचकांची मते जोड्यांनी जेफर्सन आणि बर यांना पडली आणि हिशेब पूर्ण झाला : जेफर्सन ७३, बर ७३, ॲडम्स ६५, फेडरॅलिस्टांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी ६४, आणि एक मत जॉन जे यांना. हे एकटे मत चुकून पडलेले नव्हते. बरोबरी होऊ नये म्हणून ऱ्होड आयलंडच्या एका फेडरॅलिस्ट निर्वाचकाने आपले दुसरे मत मुद्दाम बाजूला टाकले होते. जेफर्सन यांच्या पक्षात असे करणारा एकही निघाला नाही. कुठल्या तरी राज्यातला एखादा निर्वाचक बर यांचे एक मत गाळेल, अशी सगळ्यांची समजूत होती, पण तो कोणी, हे पक्के ठरले नाही. गाळणारे जास्त झाले तर १७९६ ची गत होऊन ॲडम्स उपाध्यक्षपदी बसतील, ही भीती होती. बर यांना दिलेला शब्दही होता. शिवाय सर्व निर्वाचक एकाच दिवशी, शेकडो मैलांच्या अंतरावर मते देत होते आणि निरोप घोड्यावरून जात होता, त्यामुळे शेजारच्या राज्यात काय झाले हे पाहून आपले मत ठरवणे अशक्य होते. कारस्थान होऊ नये म्हणून निर्वाचकांना दूर दूर बसवण्याचा जो नियम केला होता, त्यानेच आता साधा समन्वयही होऊ दिला नाही. ७३ निर्वाचकांनी पक्षाची शिस्त तंतोतंत पाळली आणि त्या शिस्तीमुळेच पक्ष अडचणीत आला.

आता निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. बरोबरीत असलेल्या दोघांपैकी बर यांना मागे सरकून प्रश्न संपवता आला असता. आपण जेफर्सन यांच्याशी स्पर्धा करणार नाही, असे त्यांनी आरंभी लिहूनही दिले. पण सभागृहाने आपल्याला निवडले तर आपण पद नाकारू, हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. पेच आणखी वाढवणारी गोष्ट म्हणजे मतदान करणारे प्रतिनिधिगृह जुने होते. नव्या निवडणुकीत जेफर्सन यांच्या पक्षाने बहुमत मिळवले होते, तरी नवे सभागृह अजून कामाला लागले नव्हते. मावळत्या सभागृहात फेडरॅलिस्टांचे बहुमत होते, म्हणजे आपल्या दोन विरोधकांतून एकाला अध्यक्ष करण्याचे काम पराभूत पक्षाच्या हाती आले. जेफर्सन यांना खाली खेचण्यासाठी बर यांना निवडावे, असे त्यांच्यातील बहुतेकांना वाटू लागले. हॅमिल्टन मात्र पत्रांवर पत्रे लिहून आपल्याच लोकांना विनवत राहिले की जेफर्सन यांची मते चुकीची असली तरी त्यांना तत्त्वे आहेत, बर यांना स्वतःच्या स्वार्थापलीकडे काही नाही.

तरीही फेडरॅलिस्टांना आपल्या संख्येचा थेट उपयोग होईना, कारण या विशेष मतदानात सदस्य मोजले जात नाहीत, राज्ये मोजली जातात. प्रत्येक राज्याला एकच मत असते. त्या राज्याच्या सदस्यांनी आपसांत ठरवून ते द्यायचे, आणि सदस्य समसमान विभागले गेले तर ते राज्य कोणाच्याच बाजूला धरले जात नाही. १६ राज्यांपैकी नऊ राज्ये मिळाल्याशिवाय कोणी निवडून येत नव्हता. ११ फेब्रुवारी १८०१ रोजी सिनेटचे अध्यक्ष म्हणून राज्यांचे मोहोरबंद कागद स्वतः जेफर्सन यांनीच उघडले, कारण ते उपाध्यक्ष होते आणि घटनेने ते काम उपाध्यक्षाला दिले आहे. लगेच पहिले मतदान झाले. जेफर्सन यांना आठ राज्ये, बर यांना सहा, आणि व्हरमाँट व मेरीलँड ही दोन राज्ये दुभंगलेली. जेफर्सन यांना फक्त एक राज्य कमी पडत होते.

वॉशिंग्टन शहर तेव्हा नुकतेच वसत होते, कॅपिटॉलची एकच बाजू बांधून झाली होती आणि बाहेर बर्फ पडत होते. सभागृह रात्रभर बसून राहिले, पुन्हा पुन्हा मतदान झाले, आणि प्रत्येक वेळी तोच निकाल आला. मेरीलँडचे आठ सदस्य चार-चार असे विभागले होते. त्यांतले जेफर्सन यांच्या बाजूचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणले होते. ते आले नसते तर मेरीलँड बर यांच्याकडे गेले असते, म्हणून त्यांना अंथरुणासकट बर्फातून कॅपिटॉलमध्ये आणले गेले आणि शेजारच्या खोलीत पडल्या पडल्या ते प्रत्येक फेरीचे मत लिहून देत राहिले. त्यांची पत्नी उशाशी बसून होती. एका आजारी माणसाच्या चिठ्ठीवर एका राज्याचे मत आणि कदाचित देशाचे अध्यक्षपद टांगलेले होते, यावरून राज्यवार मतदानात एकेका सदस्याच्या मताला किती धार येते ते दिसते.

पस्तीस फेऱ्या झाल्या तरी आकडे हलले नाहीत. ४ मार्चला ॲडम्स यांची मुदत संपणार होती आणि त्यानंतर अध्यक्षच नसेल तर काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर टॉमस मकीन आणि व्हर्जिनियाचे गव्हर्नर जेम्स मन्‍रो यांनी आपापल्या राज्यांतील सशस्त्र दले सज्ज ठेवण्याची तयारी केली होती. अखेर माघार घेतली ती डेलावेअरच्या जेम्स बेयर्ड यांनी. ते त्या राज्याचे एकमेव सदस्य होते, म्हणजे डेलावेअरचे मत म्हणजे त्यांचे एकट्याचे मत होते. १७ फेब्रुवारीच्या छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचे फेडरॅलिस्ट सदस्य गैरहजर राहिले आणि मेरीलँडच्या फेडरॅलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यामुळे ही दोन्ही राज्ये जेफर्सन यांच्याकडे गेली. डेलावेअर आणि साउथ कॅरोलायना कोरी राहिली. जेफर्सन यांना १० राज्ये मिळाली, बर यांच्याकडे चार उरली. लक्षात घेण्यासारखे हे की, जेफर्सन यांना मत देण्याची वेळ बेयर्ड किंवा त्यांच्या साथीदारांवर आलीच नाही; ते केवळ वाटेतून बाजूला झाले. जेफर्सन यांच्याकडून काही धोरणांबाबत आपल्याला आश्वासन मिळाले होते, असे बेयर्ड पुढे सांगत राहिले आणि जेफर्सन ते नाकारत राहिले.

नियमानुसार बर उपाध्यक्ष झाले, पण पक्षाचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला तो कायमचा. आणखी एक निवडणूक याच पद्धतीने घेणे धोक्याचे आहे, हे उघड होते. १८०३ च्या डिसेंबरात काँग्रेसने बारावी घटनादुरुस्ती संमत केली. प्रतिनिधिगृहात तिला ८४ विरुद्ध ४२ मते पडली, म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश, आणि तो आकडा गाठण्यासाठी सभापती नॅथॅनिएल मेकन यांना स्वतःचे मत द्यावे लागले. राज्यांची मान्यता जून १८०४ मध्ये पूर्ण झाली. या दुरुस्तीने निर्वाचकाची मते दोनच ठेवली, पण एक अध्यक्षासाठी आणि एक उपाध्यक्षासाठी, असे वेगवेगळे लिहिणे सक्तीचे केले. बहुमत नसेल तर प्रतिनिधिगृहाने पाचांऐवजी पहिल्या तिघांतून अध्यक्ष निवडावा आणि सिनेटने पहिल्या दोघांतून उपाध्यक्ष निवडावा, असेही ठरले. डेलावेअर आणि कनेक्टिकट या राज्यांनी ती फेटाळली. उपाध्यक्ष हा यापुढे दुसऱ्या क्रमांकाचा सर्वांत लायक माणूस न राहता तिकिटावरची बेरीज साधणारे नाव होईल, असा विरोधकांचा आक्षेप होता, आणि तो पुष्कळ प्रमाणात खरा ठरला.

ही दुरुस्ती फार नेमकी होती, आणि म्हणूनच अपुरीही होती. निर्वाचक कसे नेमायचे हे ठरवण्याचा राज्यांचा अधिकार तिने जसाच्या तसा ठेवला. तीन-पंचमांशाच्या हिशेबाला तिने हात लावला नाही. तो गुलामगिरी संपल्यावर १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने गेला. राज्यवार मतदानाचा नियमही राहिला आणि १८२५ साली तो पुन्हा वापरावा लागला. त्या वेळी अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४, विल्यम क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ निर्वाचकांची मते होती; बहुमताला १३१ हवी होती. तिघांच्या मर्यादेमुळे क्ले स्पर्धेतून बाहेर पडले, आणि पहिल्याच फेरीत २४ पैकी १३ राज्ये घेऊन ॲडम्स अध्यक्ष झाले.

मावळत्या सभागृहाने नवा अध्यक्ष निवडण्याची विचित्र स्थिती तर १९३३ पर्यंत टिकली. त्या वर्षीच्या विसाव्या घटनादुरुस्तीने नव्या काँग्रेसची मुदत ३ जानेवारीला आणि अध्यक्षाची २० जानेवारीला सुरू होईल असे ठरवले, त्यामुळे आता अशी वेळ आली तर निर्णय नवे सभागृह घेईल. आज निर्वाचक ५३८ आहेत आणि बहुमताला २७० लागतात. तो आकडा कोणीच गाठला नाही, तर प्रतिनिधिगृहात आजही राज्यांचीच मते मोजली जातील : लोकसंख्येने सर्वांत मोठ्या कॅलिफोर्नियाचे एक, सर्वांत लहान वायोमिंगचेही एक, आणि निवडून येण्यासाठी ५० पैकी २६.